गिटारीतला कस

म्हैसूर शहर आणि आसपासच्या समस्त मराठी मंडळींस, मग ती सुईदोऱ्यावर पोट भरणारी असोत की खडूफळ्यावर, या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या मामांच्या विजेच्या गिटारीचा गळा कोणी घोटला याविषयी गेली तीस वर्षं जी कुजबूज चालू आहे, ती आता कृपया थांबवावी. तो मी घोटला. हत्यारं चार: चिंच, तारेची घासणी, शिलाई मशीनचं तेल आणि एक चुंबक. साथीदार कोणी नव्हता. हेतू मात्र अतिशय पवित्र होता, याची नोंद घ्यावी.

लग्नाकार्यात जेवणं झाली की मी हे निवेदन उभं राहून, एक हात छातीवर ठेवून करते. लोक हसतात. मीही हसते. हसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण कागदाचा एक मोठा दोष असा, की तो हसत नाही. त्याच्यापुढे बसलं की खरं काय ते सांगावं लागतं.

तर मामा. आईचे धाकटे भाऊ, धंद्याने शिंपी. आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. चार मशीनं, एक कापायचं टेबल, आणि भिंतीवर विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली ती गिटार. रंग मधासारखा. पोट पोकळ, त्यावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. जिथे मामांचा उजवा हात टेकायचा तिथलं पॉलिश जाऊन आतलं लाकूड उघडं पडलेलं. उरलेल्या पॉलिशवर आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा. तारा काळ्याकुट्ट. तारांखाली आवाज पकडणारी जी धातूची पट्टी असते तिच्यावर हिरवट बुरशी चढलेली.

ही गिटार बंगळूरच्या छावणी भागातल्या एका हॉटेलात बँड वाजवणाऱ्या माणसाची. तो देश सोडून निघाला तेव्हा त्याला बोटीवर घालायला तीन सूट आणि एक ओव्हरकोट हवा होता. मामांनी ते शिवून दिले आणि बदल्यात गिटार आणली. सोबत व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. तो चालू केला की लगेच बोलायचा नाही. आधी आतले दिवे तांबूस व्हायचे, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि मग कुठे तो घसा खाकरायचा. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरायला जितका वेळ लागतो तितका वेळ मामा त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसून राहायचे.

पूर्वी मामा ऑर्केस्ट्रात होते. गणपती, लग्नं, दसऱ्याचं प्रदर्शन. मग की-बोर्ड नावाची पेटी आली आणि एकाच माणसाच्या बोटांखालून बासरी, सतार, गिटार सगळंच निघायला लागलं. मामांना बोलावणं कमी होत होत थांबलं. त्यानंतर ते फक्त दुपारी वाजवायचे, गिऱ्हाईक नसलं की. मामी आतून ओरडायची, "सुरू झालं का तुमचं मांजर? दूध ठेवू?" आणि मी? मी तेव्हा चोवीस वर्षांची, एका कचेरीत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी मामांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसणारी. मला ती गिटार पंख्याच्या आवाजासारखी होती. बंद झाली की कळायचं की चालू होती.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी, पुण्याहून बदली होऊन आलेले एक इंजिनियर पँटची कंबर सैल करून घ्यायला दुकानात आले. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की त्यांच्यासमोर बोलायला आम्हाला लाज वाटायची. आमचं मराठी म्हणजे चित्रान्नासारखं, भात आपला, फोडणी कन्नड. मामांनी त्यांच्या कंबरेला टेप लावला तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली.

"मास्तर, ही वाजते?"

"वाजते की सर. म्हातारीय, पण वाजते."

"आपण वाजवता?"

"टाइम पास, सर," मामा म्हणाले. पण टेप त्यांनी गळ्यात अडकवला, अ‍ॅम्प्लिफायर तापत ठेवला आणि गिटार उतरवली.

इंजिनियरसाहेबांना जुन्या वाद्यांचा नाद होता. ते मला म्हणाले, "तुम्ही रोज ऐकत असाल."

मी म्हटलं, "रोज कानावर पडतं, सर."

"मग आज ऐका. डोळे मिटा आणि मास्तरांचं बोट कुठे थांबतं तेवढंच बघा."

डोळे मिटून बोट कसं बघायचं, असं विचारणार होते. पण तेवढ्यात मामांनी पहिला सूर लावला, आणि मला ते दिसलं.

मामा नखीने वाजवत नसत. अंगठ्याच्या मांसाने वाजवायचे, आणि डाव्या हाताची बोटं सुईने टोचून टोचून चामड्यासारखी झालेली. एका जुन्या सिनेमातल्या रडक्या गाण्याची चाल त्यांनी धरली. एका सुरावर बोट ठेवून तार हळूच वर ढकलली, शिवणीत अडकलेला दोरा तुटू नये म्हणून ढकलतात तशी, आणि तो सूर अर्धवट वाटेवर थांबवून थरथरत ठेवला. वरच्या सुरापर्यंत गेलाच नाही. आपणच मनात तो पुढे नेतो. पुढच्या ओळीला त्यांनी करंगळीने आवाजाचं बटण बंद केलं, तार छेडली, मग बटण उघडलं. छेडल्याचा टणत्कार नाहीच. शेजारच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं आणि बोलत बोलत दार उघडून आत आलं, असं वाटलं. आणि गाणारा जिथे श्वास घेईल तिथे मामा थांबत होते. गिटारीला श्वास घ्यायची गरज नसते. मामा तिला घेऊ देत होते.

"लक्ष द्या," साहेब कुजबुजले, "हळू छेडलं की ती बोलते, जोरात छेडलं की कण्हते. कडेला जरा फाटते, बघा. नवी गिटार सगळं एकाच आवाजात वाचून दाखवते."

खरंच. तो आवाज गोड नव्हता. किंचित घोगरा होता, रात्रभर भजन करून पहाटे दमलेल्या बुवाच्या गळ्यासारखा. मग मामा न थांबता त्या रडक्या गाण्यावरून घसरत आमच्या विठ्ठलमंदिरात एकादशीला म्हणतात त्या अभंगाच्या चालीवर आले. शब्द एकही नव्हता. तरी मला सगळे शब्द ऐकू आले. चोवीस वर्षं हे चार घरं पलीकडे चालू होतं आणि मी बटणं लावत होते!

वाजवणं संपलं. साहेबांनी गिटारीच्या उघड्या पडलेल्या लाकडावरून बोट फिरवलं, काळ्या तारांवरून फिरवलं, मान हलवली आणि म्हणाले, "मास्तर, केवढा कस आहे हो हिच्यात! एवढा कस मी आजवर कुठल्याच गिटारीत पाहिला नाही."

माझे कान तापले.

इथे परगावच्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा. कन्नडमध्ये कस म्हणजे केरकचरा. आमच्या घरी मराठी बोलतानाही कचरा हा शब्द नव्हताच. सकाळी उठून 'कस काढायचा', तो 'कसाच्या डब्यात' टाकायचा, गाडी आली की 'कस दे' म्हणून ओरडायचं. सोन्याचा कस, माणसाचा कस, जमिनीचा कस हे सगळं मी कन्नड शाळेत शिकल्यामुळे माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. मी काय ऐकलं? की आमच्या गिटारीत जितका केर आहे तितका या गृहस्थांनी जन्मात पाहिलेला नाही. आणि तेही बोट फिरवून, धूळ दाखवल्यासारखं!

मामा लाजून हसले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं, अभंगांवर पोसलेलं. त्यांना बरोबर कळलं होतं. मला वाटलं, बिचारे अपमान गिळून हसतायत.

साहेब जाताना म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या रविवारी मी माझं रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन येतो. हे नोंदवून ठेवायला हवं. आपलं ध्वनिमुद्रण कधी झालंय?"

"नाही सर. कधीच नाही."

ते गेल्यावर मामांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. मला ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायचे. म्हणाले, "पुट्टी, मी शिवलेलं सगळं फाटलं. कापड हाय, फाटणारच. वाजवलेलं तर वाजवता वाजवताच गेलं. आता एक तरी राहील."

मामांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली तेवढीच गोष्ट मी ऐकली. आणि मी मनाशी ठरवलं की त्या दिवशी गिटार अशी लखलखली पाहिजे की पुणेकरांनी पुन्हा कसाचं नाव काढता कामा नये.

म्हैसुरात नवमीला आयुधपूजा असते. ज्याच्या हातात जे हत्यार त्याने ते घासूनपुसून पूजेला ठेवायचं. बसवाले बस धुतात, सुतार रंधा धुतो, आमच्याकडे मशीनं आणि कात्र्या. आदल्या दिवशी मामा पहाटेच बन्नीमंटपाच्या मैदानावर गेले होते. मशालींची कवायत करणाऱ्या मंडळींच्या गणवेशांना ऐनवेळी टीप मारायचं काम त्यांच्याकडे असायचं. मामी चकलीच्या पिठात बुडालेली. दुकान माझ्या ताब्यात.

देवाची पितळी भांडी आपण चिंचेने घासतो. मी गिटारीच्या सगळ्या धातूला चिंच लावली. हिरवट बुरशी हटेना, म्हणून तारेची घासणी घेतली. हळदीने माखलेला टोपही जिच्यापुढे हार मानतो अशी घासणी. पट्टी चकाकली, पण घासणीचा बारीक लोखंडी भुगा तिच्यावर गुळावर मुंग्या चिकटाव्यात तसा चिकटून बसला. फुंकला, जाईना. पुसला, जाईना. मग मला सुचलं. आणि सुचलं तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटली, हे लिहिताना आज हात आखडतो.

शिंप्याच्या दुकानात नालेच्या आकाराचा एक मोठा चुंबक असतो. संध्याकाळी तो जमिनीवरून फिरवला की सांडलेल्या टाचण्या आणि सुया भराभर त्याला येऊन लटकतात. मी तो चुंबक पट्टीवर टेकवला आणि गोल गोल फिरवला. भुगा उडी मारून चुंबकाला चिकटला. एक कण राहू नये म्हणून मी पाच-दहा मिनिटं तो घासत राहिले, देवाला गंध उगाळावं इतक्या भक्तीने. बटणांच्या खाचांत मशीनचं तेल दोन दोन थेंब सोडलं. तारा पुसताना एक तुटली, तेव्हा सगळ्याच काढल्या आणि बाजारातून नवा कोरा, चांदीसारखा संच आणून बसवला. गिटारीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि चार मशीनांच्या मध्ये नवरीसारखी बसवली.

मामा रात्री जेवायच्या वेळेला आले. दारात उभे राहिले.

"छान दिसायलीय," ते म्हणाले. मग जवळ आले. "जुन्या तारा कुठायत?"

"कसात टाकल्या."

ते मागच्या दारी गेले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. डबा रिकामा होता. सणाच्या आदल्या दिवशी गाडी दोनदा येते. ते परत आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मला वाटलं, दमलेत.

आणि आयुधपूजेचा नियम असा, की पूजेत मांडलेलं हत्यार विजयादशमीपर्यंत चालवायचं नाही. सुईसुद्धा हातात धरायची नाही. म्हणजे पूर्ण दीड दिवस मामा त्या गिटारीसमोरून ये-जा करत होते आणि त्यांना तिला हात लावता येत नव्हता. मी प्रसाद वाटत होते.

दशमीला दुपारी त्यांनी ती उतरवली. अ‍ॅम्प्लिफायर तापला. त्यांनी एक सूर छेडला, थांबले. दुसरा छेडला. बटण फिरवलं, परत फिरवलं. मी विचारलं, "कशी वाजतेय?" ते म्हणाले, "तारा नव्या हायत, पुट्टी. चार दिवस जाऊं देत." आणि त्या चार दिवसांत दुकान उघडण्याआधी आणि बंद केल्यावर, जेव्हा जेव्हा मी पाहिलं तेव्हा, ते अ‍ॅम्प्लिफायर बंदच ठेवून तिच्यावर अंगठा फिरवत बसलेले होते. मला तो सराव वाटला.

रविवारी साहेब आले. कॅसेटचं भारी मशीन, दोन माइक, कानाला लावायचे ठोकळे. मामी पलीकडच्या गल्लीत एका बारशाला गेली होती. मामांनी तीच चाल धरली, तसंच तार ढकलणं, तोच अर्ध्या वाटेवरचा थरथरता सूर. पण आवाज स्टीलच्या चमच्यासारखा निघाला. हळू छेडलं तरी तेच, जोरात छेडलं तरी तेच. करंगळीने बटण उघडलं तर सूर आत आलाच नाही, दारातच घसरून पडला. साहेबांनी कानावरचे ठोकळे काढले. मशीन तपासलं, वायरी तपासल्या. मग अगदी हळू विचारलं, "मास्तर, हिच्यातला तो कस कुठे गेला?"

आणि मी, हातात बटणांचा डबा घेऊन, अभिमानाने फुलून म्हणाले, "मी काढला, सर! सगळाच्या सगळा काढला!"

मामांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. मग साहेबांनी कशाने काढला ते विचारलं आणि मी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. चुंबक ठेवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

त्यांनीच मग मला समजावलं. त्या पट्टीखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तार गुंडाळलेली असते. तार हलते, चुंबकाला ते कळतं, तिथून आवाज जन्मतो. तीस-पस्तीस वर्षांत ते चुंबक आपल्या आपण थोडे थोडे थकत गेलेले, प्रत्येक वेगळा. त्यामुळे प्रत्येक तारेचा गळा वेगळा झालेला. मी त्यांच्यावर टाचण्यांचा राक्षस फिरवून त्यांची शक्ती वाटेल तशी ओढून घेतली होती. "चुंबकांत शक्ती परत भरता येते," ते म्हणाले. "वय परत भरता येत नाही." आणि मग कस या शब्दाचा अर्थही त्यांनीच सांगितला. माझ्या पायाखालची फरशी सरकली, असं लिहिणार होते, पण फरशी कुठे सरकते? ती तिथेच होती, तिच्यावर मीच केलेल्या काजांचे दोरे पडले होते आणि मी ते मोजत उभी होते.

मी रडायला लागले तशी मामांनी साहेबांना सांगितलं, "सर, चूक भाषेची हाय. पोरीची नव्हे."

साहेब वायरी गुंडाळायला लागले. मामांनी त्यांचा हात धरला. "बेडा, सर, नको. राहूं दे. आणलंय तर लावा. मी वाजवतो."

त्यांनी वाजवलं. पाऊण तास. साहेबांनी सगळं घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते. बंगळूरला एका कारागिराकडे गिटार नेली. त्याने चुंबक भरून दिले. आवाज मोठा झाला, आपला झाला नाही. मामा अजून बारा वर्षं होते आणि दर एकादशीला देवळात वाजवायचे. लोक म्हणायचे, छान वाजलं. ते माझ्याकडे बघून हळूच डोळा मारायचे, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड जायचं. आता गिटार माझ्याकडे आहे. हल्लीची मुलं पायाखाली एक पेटी ठेवतात, ती दाबली की 'जुना आवाज' निघतो. एकदा एका मुलाने मोठ्या उत्साहाने मला ऐकवलं. बरं होतं. मी त्याला म्हटलं, तू सुराला श्वास घेऊ दे. त्याला वाटलं मावशी काहीतरी अध्यात्म सांगतायत. मला सांगायचं वेगळंच होतं. खरा आवाज मी नीट ऐकला तो आयुष्यात एकदाच, एका रविवारी, अर्धा तास. बाकीची चोवीस वर्षं माझ्याजवळ असूनही ऐकली नाहीत, आणि ऐकल्यावर पंधरा दिवस जाऊ दिले नाहीत. ज्या गोष्टीवर जीव जडला तिला स्वच्छ करायला गेले. त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी मळक्याच राहू दिल्या आहेत. पण त्याने काय होतं?

त्या दिवशी रेकॉर्डिंग संपलं. साहेबांनी कॅसेट मागे फिरवली आणि म्हणाले, "ऐकायचं?" मामा गिटार मांडीवर आडवी घेऊन बसले होते, दोन्ही हात तिच्यावर पालथे ठेवून. त्यांनी मान डोलावली. मशीन सुरू झालं. ती रडकी चाल दुकानभर पसरली, मग अभंग. मी मामांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड हळूहळू सैल होत होतं. मला वाटलं, कदाचित इतकं वाईट नसेल. कदाचित हे फक्त साहेबांना आणि मामांनाच कळतं. बाकी जगाला काय कळणार? चाल तर तीच आहे, हात तेच आहेत.

तेवढ्यात मामी बारशाहून आली. हातात घुगऱ्यांचा डबा, डोक्यात मोगरा. तिने उंबऱ्यात चपला काढल्या, दोन सूर ऐकले आणि आमच्याकडे न बघताच मोठ्याने म्हणाली, "अय्यो, हे कोण वाजवायलंय?"